कडाक्याची थंडी आणि जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

पुण्याहून किंवा सांगलीहून ऑगस्टमध्ये मिनेसोटा, इलिनॉय नाहीतर ऑन्टारिओतल्या विद्यापीठात दाखल झालेली मुलं पहिले दोन-तीन महिने बसवर आणि मित्रांच्या गाड्यांवर काढतात. दिवाळीच्या आसपास दोघं-तिघं मिळून एक जुनी कार घेतात. बहुतेक वेळा ती दहा-पंधरा वर्षांची कोरोला, कॅमरी, सिव्हिक नाहीतर अल्टिमा असते. मीटरवर दीड लाख मैल झालेले असतात आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असतो, कारण तिकडच्या बाजारात मॅन्युअल गाडी शोधूनही सहसा मिळत नाही. नोव्हेंबरभर गाडी छान पळते. मग पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश उतरतो. सकाळी इंजिन सुरू होतं, दांडा ‘डी’वर येतो, पण गाडी जागची हलत नाही. दोन सेकंद, तीन सेकंद, कधी पाच. मग एक हिसका बसतो आणि ती निघते.

असं दोन-तीनदा झालं की मालक घाबरून गॅरेज गाठतो. तिथे ‘ट्रान्समिशन गेला’ हे शब्द कानावर पडतात आणि खर्चाचा आकडा तीन-चार हजार डॉलरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ गाडीच्या किमतीइतका. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या विद्यार्थ्याला किंवा नुकत्याच स्थलांतरित झालेल्या कुटुंबाला हा धक्का फार मोठा असतो. म्हणून एक गोष्ट आधीच ठामपणे सांगायला हवी. थंडी सहसा धडधाकट गिअरबॉक्स मोडत नाही. आधीपासून असलेलं दुखणं ती उघड करते, आणि त्यातली बरीच दुखणी गिअरबॉक्स खाली न उतरवता बरी होतात. कोणतं दुखणं कुठलं हे ओळखण्यासाठी मेकॅनिकच व्हावं लागतं असं नाही. आत काय घडतं याची थोडी कल्पना असली तरी पुष्कळ काम होतं.

मॅन्युअल गाडीत गिअर बदलण्याचं बळ चालकाच्या हातापायांचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते तेलाच्या दाबाचं असतं. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. तेव्हापासून पुढच्या काळात बांधणी कितीही बदलली तरी मूळ तत्त्व तेच राहिलं. इंजिन फिरू लागलं की एक पंप फिरतो. तो गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधून, फिल्टरमधून तेल ओढतो आणि वॉल्व्ह बॉडी नावाच्या अरुंद वाटांच्या जाळ्यात ढकलतो. तिथले सोलेनॉइड कुठली वाट उघडायची ते ठरवतात. दाबाखालचं तेल क्लच प्लेटांच्या पिस्टनमागे जातं, प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर पडतो. इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरही तेलावरच चालतो. शिवाय हेच तेल सगळ्या भागांना वंगण पुरवतं आणि थंड ठेवतं. एवढी सगळी भिस्त एका तेलावर असल्यामुळे ते घट्ट झालं की पहिला फटका गिअरला बसतो.

ते किती घट्ट होतं? पाण्याची घट्टता वीस अंशांना सुमारे १ सेंटिपॉइज असते. जनरल मोटर्सच्या ‘डेक्स्रॉन’ तेलाच्या मानकात उणे ४० अंशांना चालू शकणारी कमाल घट्टता ठरवून दिलेली असते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘डेक्स्रॉन-दोन-डी’ला ती ५०,००० होती, नव्वदच्या दशकातल्या ‘डेक्स्रॉन-तीन’ला २०,०००, आणि २००५ मध्ये आलेल्या ‘डेक्स्रॉन-सहा’ला १५,०००. अर्थात उणे चाळीस ही टोकाची स्थिती झाली, पण उणे वीसलाही तेल काकवीसारखं सावकाश वाहतं. पंपाला ते ओढायला वेळ लागतो, फिल्टर अर्धवट तुंबलेला असेल तर आणखी वेळ लागतो. या आकड्यांत एक दिलासाही आहे. तेलं दर पिढीला थंडीत पातळ राहणारी होत गेली आहेत. त्यामुळे जुन्या गाडीत, तिला चालणारं असेल तर, नव्या मानकाचं ताजं तेल भरणं हा थंडीवरचा सर्वांत स्वस्त उपायांपैकी एक ठरतो.

दुसरं कारण रबराचं. पिस्टनभोवतीची सीलं वर्षानुवर्षं गरम तेलात भाजून कडक होतात. गाडी गरम असताना ती थोडी फुगतात आणि दाब धरून ठेवतात. रात्रभर गारठली की आक्रसतात, कडांनी तेल गळतं आणि पिस्टनमागे दाब पुरेसा साठत नाही. गळती गिअरबॉक्सच्या आतच होते, त्यामुळे गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. दहा मिनिटांनी तेल तापतं, सीलं पुन्हा मऊ होतात आणि सगळं सुरळीत होतं. ‘सकाळी रुसते आणि ऑफिसला पोचेपर्यंत शहाणी होते’ अशी ज्या गाडीची तक्रार असते, तिच्यात बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

तिसरं कारण ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली पॅनमध्ये उतरतं. सकाळी तो पुन्हा भरेपर्यंत गाडी ढकल घेत नाही. क्रायस्लरच्या ‘टॉर्कफ्लाइट’ घराण्यातल्या बऱ्याच गिअरबॉक्सांमध्ये तर दांडा ‘पी’वर असताना कन्व्हर्टरला तेलच जात नाही. म्हणून डॉजचे जुने पिकअप ट्रक चालवणारी माणसं सकाळी इंजिन सुरू केलं की हँडब्रेक लावून, पाय ब्रेकवर ठेवून, काही सेकंद दांडा न्यूट्रलवर ठेवतात आणि मगच ‘डी’ टाकतात. हा उपाय फुकटचा आहे. तो इतर गाड्यांवर करून पाहायलाही हरकत नाही, मात्र ब्रेकवरचा पाय क्षणभरही उचलायचा नाही.

आता जे दुखणं नाहीच त्याबद्दल. थंड गाडी वरचा गिअर उशिरा टाकते, इंजिनचे फेरे नेहमीपेक्षा चढलेले राहतात, हायवेवर सुरुवातीला गाडी जोर लावल्यासारखी वाटते. हे नव्वदच्या दशकानंतरच्या बहुतेक गाड्यांत मुद्दाम केलेलं असतं. तेल आणि इंजिन लवकर तापावं म्हणून संगणक गिअर लांबवतो. टॉर्क कन्व्हर्टरचं कुलूप, म्हणजे लॉक-अप, आणि काही गाड्यांत ओव्हरड्राइव्ह, कूलंट ठरावीक तापमानाला येईपर्यंत तो लागूच देत नाही. पाच-दहा मिनिटांत हे आपोआप थांबत असेल तर त्यासाठी एक डॉलरही खर्च करायची गरज नाही.

पण ते थांबलंच नाही तर? अर्धा तास हायवेवर काढूनही इंजिनचे फेरे उतरत नाहीत, पेट्रोल जास्त जातं आणि गाडीतला हीटरही कोमट हवा देतो, असं असेल तर संशयित गिअरबॉक्स नाही, थर्मोस्टॅट आहे. हा कूलंटचा छोटा झडपेसारखा भाग उघडा अडकला की थंडीत इंजिन पुरेसं तापतच नाही. संगणकाला वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो लॉक-अप अडवून धरतो. पी ०१२८ हा कोड बहुधा याच गोष्टीची साक्ष देतो. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट बदलणं हे तास-दोन तासांचं काम असतं आणि मूळ भाग स्वस्त असतो. हीटर गरम होतो की नाही हा प्रश्न ट्रान्समिशनच्या तक्रारीत सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

म्हणून लक्षण काय आहे याइतकंच ते केव्हा जातं याकडे लक्ष ठेवावं. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर पहिल्यांदाच उशीर होतो आणि नंतर दिवसभर होत नाही, तर तेलाची पातळी, तेलाचं वय, फिल्टर आणि कन्व्हर्टरमधून उतरणारं तेल यांचा विचार आधी करावा. दहा मिनिटं झटके बसतात आणि मग थांबतात, तर घट्ट तेल, कडक सीलं किंवा चिकटणारा सोलेनॉइड. फक्त रिव्हर्स उशिरा पडतो आणि पुढचे गिअर ठीक आहेत, तर तेल कमी आहे का ते पाहावं आणि ते ठीक असेल तर रिव्हर्सच्या क्लचकडे वळावं. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही रेझ वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे गिअर सरकतो, तर थंडीला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे क्लच प्लेटा झिजलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. आणि उलटं, थंडीत ठीक असलेली गाडी गरम झाल्यावर बिघडते, तर पातळ झालेलं जुनं तेल, झिजलेला पंप किंवा वॉल्व्ह बॉडीतली झीज. ही शेवटची दोन लक्षणं गंभीर आहेत.

मालकाने चार-पाच दिवस एका कागदावर तापमान, गाडी किती वेळ उभी होती, कोणता गिअर अडला आणि किती मिनिटांनी सुधारला एवढं लिहून ठेवलं, तर तो कागद मेकॅनिकला स्कॅनरइतकाच उपयोगी पडतो.

पहिली तपासणी अर्थातच तेलाची, आणि ती नीट करण्यात खूप जण चुकतात. बऱ्याच टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत तेल पूर्ण गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू आणि दांडा ‘पी’वर ठेवून डिपस्टिक पाहायची असते. जुन्या होंडांमध्ये गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि लगेच एक-दीड मिनिटाच्या आत पाहायचं असतं. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळत नाहीत, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक उघडायलाच हवं. थंड तेल आकसलेलं असतं. गारठलेल्या गाडीत पातळी पाहून ‘हॉट’च्या खुणेपर्यंत तेल ओतलं तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, आत फेस होतो आणि फेसाळलेलं तेल दाब धरत नाही. म्हणजे जी तक्रार घालवायची तीच पुन्हा ओढवून घेतली जाते. दोन हजारच्या दशकापासून कित्येक गाड्यांना डिपस्टिकच नाही. त्यांची पातळी गाडी लिफ्टवर चढवून, तेल ठरावीक तापमानाला असताना, एका बोल्टमधून पाहावी लागते. हे काम गॅरेजचं.

रंग आणि वासही पाहावा. लाल किंवा तांबूस तेल ठीक. गडद तपकिरी आणि करपल्याचा वास येणारं तेल म्हणजे आत काहीतरी जळतंय. मात्र क्रायस्लरचं ‘एटीएफ प्लस फोर’ याला अपवाद आहे. त्याचा लाल रंग थोड्याच दिवसांत उतरतो आणि वासही बदलतो, त्यावरून ते खराब झालं असं म्हणता येत नाही.

तेल कोणतं भरायचं यात तडजोड करू नये. टोयोटाच्या ‘टी-फोर’च्या जागी ‘डब्ल्यूएस’ किंवा होंडाच्या तेलाच्या जागी दुकानातलं स्वस्तातलं ‘सगळ्यांना चालणारं’ तेल ओतण्याचा मोह होतो. प्रत्येक तेलाचा घर्षणाचा स्वभाव वेगळा असतो आणि क्लच प्लेटा त्या स्वभावासाठीच बनवलेल्या असतात. क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये १९८९ पासून आलेला ‘अल्ट्राड्राइव्ह’ गिअरबॉक्स याचं ठळक उदाहरण. त्याला क्रायस्लरचंच खास तेल लागायचं. त्यात साधं डेक्स्रॉन पडलं की गाडी थरथरायची, लॉक-अप बिघडायचा आणि कित्येक मालक त्याला गिअरबॉक्सचा दोष समजायचे.

आता नेहमीचा वाद: दीड लाख मैल तेल कधीच बदललं नाही, मग आता बदलावं का? ‘बदलू नका, लगेच जाईल’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मराठी मंडळाच्या सहलीत ऐकू येतो. त्यात अर्धं सत्य आहे. ज्याच्या क्लच प्लेटा झिजून गिअर आधीच सरकतो, त्या गिअरबॉक्सला ताजं तेल वाचवू शकत नाही. तेल बदलल्यावर तो गेला की दोष तेलावर येतो. पण गिअर गरमीत घट्ट लागतात, फक्त थंडीत उशीर होतो आणि तेल करपलेलं नाही, अशा गाडीत तेल बदलणंच योग्य. मशीनने दाब देऊन सगळं तेल एकदम बदलण्याऐवजी पॅनचा बोल्ट काढून निघेल तेवढं काढावं, तेवढंच भरावं, फिल्टर काढता येत असेल तर बदलावा. एका वेळी साधारण एक तृतीयांश ते निम्मं तेलच निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. म्हणून काही शे मैलांनी हे आणखी एक-दोनदा करावं. पॅन उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी बारीक चिखल असेल तर ती नेहमीची झीज आहे. धातूचे कण, कपचे किंवा प्लेटांच्या काळ्या खपल्या असतील तर पुढचे पैसे तेलावर घालवू नयेत. ‘ट्रान्समिशन फिक्स’ नावाच्या बाटल्यांतली रसायनं कडक सीलं फुगवतात आणि महिना-दोन महिने आराम देतात. गाडी विकत घेणाऱ्याने त्या आरामाला फसू नये.

थंडीचा दुसरा बळी बॅटरी, आणि तिची शिक्षा अनेकदा गिअरबॉक्सला भोगावी लागते. सोलेनॉइड आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं, अर्थिंगची तार गंजलेली असली किंवा अल्टरनेटर अर्धवट काम करत असला, की संगणक गोंधळतो आणि गाडीला आपत्कालीन स्थितीत टाकतो. ‘अल्ट्राड्राइव्ह’च्या गाड्या अशा वेळी दुसऱ्याच गिअरमध्ये अडकून राहतात. गाडी चालते, पण रांगत. अशा वेळी आधी बॅटरीची लोड टेस्ट करावी. सुट्या भागांची मोठी दुकानं ती बहुधा फुकट करून देतात, काही ठिकाणी कोडही वाचून देतात. पी ०७०० हा कोड दिसला की घाबरू नये. तो फक्त एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या संगणकाकडे काहीतरी नोंद आहे. खरी माहिती त्याच्यासोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असते, आणि ती वाचल्याशिवाय कुणी खर्चाचा अंदाज देत असेल तर तिथून गाडी काढून घ्यावी.

वीज आणि संगणकाचा दोष गिअरबॉक्सच्या माथी कसा जातो याचं उदाहरण टोयोटाच्या २००१ ते २००३ च्या आरएव्ही-फोरमध्ये आहे. या गाड्या गिअर बदलताना जोरात हिसके द्यायच्या. मूळ इंजिनच्या संगणकात निघालं आणि टोयोटाने त्या संगणकाची वॉरंटी वाढवून दिली. अशी गाडी आज कुणाकडे असेल आणि हिसके बसत असतील तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी संगणक तपासावा.

ज्या प्रांतांत रस्त्यावर मीठ टाकतात तिथे आणखी एक चोर असतो. गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे आणि परत तेल नेणाऱ्या लोखंडी नळ्या मिठाने गंजतात. आधी दव आल्यासारखी ओल दिसते, मग थेंब पडतात, आणि एखाद्या दिवशी नळी फुटून काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडतो. बर्फावर लाल डाग दिसला की त्याच दिवशी गाडी दाखवावी. नळीचा खर्च काहीशे डॉलर, कोरड्या चाललेल्या गिअरबॉक्सचा काही हजार. थंडीत महिन्यातून एक-दोनदा, पारा जरा वर असेल तेव्हा, गाडीचा खालचा भाग पाण्याने धुऊन घेणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

रेडिएटरमध्येच दोष असेल तर नुकसान आणखी मोठं. बऱ्याच गाड्यांत ट्रान्समिशनचं तेल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून जातं. थंडीत त्याचा फायदा असा की गरम कूलंट तेलालाही ऊब देतं. पण तो कूलर आतून चिरला की कूलंट तेलात मिसळतं. निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्या यासाठी बदनाम आहेत. डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ तेल दिसलं की गाडी तिथेच बंद करावी. त्या वर्षांतली यांपैकी एखादी गाडी अजून मूळ रेडिएटरवर चालत असेल, तर रेडिएटर फुटायची वाट न पाहता बदलून टाकावा.

कधी दांडा ‘पी’मधून हलतच नाही. बऱ्याचदा कारण साधं असतं. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा सुटू नये म्हणून एक कुलूप असतं आणि ते ब्रेकच्या स्विचवर चालतं. स्विच बिघडला तर मागचे ब्रेकचे दिवेही लागत नाहीत. मित्राला मागे उभं करून तेवढं पाहावं. दांड्याजवळच्या छोट्या झाकणाखाली हाताने कुलूप सोडण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. दांड्याच्या केबलमध्ये पाणी शिरून ते गोठणं हा दुसरा प्रकार. तिथे जोर केला तर केबल किंवा दांडा तुटतो. गाडी उबदार जागी नेणं किंवा ती वितळेपर्यंत थांबणं एवढंच हाती असतं.

सकाळी गाडी किती वेळ तापवावी यावर घरोघरी वेगळे नियम असतात. ‘पी’वर वीस मिनिटं गाडी चालू ठेवून इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा तापत नाही. त्यातले क्लच आणि गिअर काम करू लागले की तो खऱ्या अर्थाने ऊब धरतो. तेव्हा उणे दहापर्यंत अर्धं ते एक मिनिट, त्याखाली दोन ते पाच मिनिटं थांबावं आणि मग पहिले सात-आठ किलोमीटर हलक्या पायाने चालवावं. ‘डी’ टाकल्यावर गिअर लागल्याचा अंदाज येईपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. उशीर होतोय म्हणून रेझ देणं आणि रेझवर गिअर पडणं, यातच क्लच प्लेटांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी तापवणं कधीही नको. शटर अर्धवट उघडं असलं तरीही कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि त्याला वास नसतो.

विनिपेग, एडमंटन, फेअरबँक्स अशा शहरांत पार्किंगच्या जागी विजेचे प्लग असतात आणि गाडीच्या नाकाशी वायर लोंबत असते. तो ब्लॉक हीटर. इंजिनमधलं कूलंट तो तापवतो, पण गिअरबॉक्सला त्याचा फायदा थोडाच होतो. उणे पंचवीस-तीस नेहमीचंच असेल तर गिअरबॉक्सच्या पॅनला चिकटवायचा वेगळा हीटिंग पॅड मिळतो. तो मेकॅनिककडून बसवून घ्यावा आणि टायमरवर निघण्याआधी दोन-तीन तास चालू करावा. शिकागोत ३० जानेवारी २०१९ ला उणे ३० अंशांच्या खाली तापमान गेलं होतं. तशा दिवशी जुनी गाडी बाहेर काढावीच लागत नसेल तर न काढणं उत्तम.

बर्फात चाकं रुतली की ‘डी’-‘आर’-‘डी’-‘आर’ करत गाडी झुलवण्याची सवय फार महाग पडते. चाकं फिरत असतानाच उलटा गिअर टाकला तर एकाच संध्याकाळी तेल करपतं, कधी डिफरन्शियल तुटतो. चाकं पूर्ण थांबल्यावरच दांडा हलवावा, आणि दोन-तीन प्रयत्नांत गाडी निघाली नाही तर फावड्याने चाकांपुढचा बर्फ काढून वाळू किंवा मांजराच्या पेटीतले खडे टाकावेत. डिकीत फावडं आणि वाळूची पिशवी असलीच पाहिजे. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. नाहीतर आतला क्लच सतत घासत राहतो.

नावात ‘ऑटोमॅटिक’ असलं तरी सगळ्यांची जात एक नसते. निसानच्या अनेक गाड्यांतला सीव्हीटी पट्टा आणि पुलीवर चालतो, त्याला वेगळंच तेल लागतं. २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी निसानला दहा वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. फोर्डच्या २०१२ ते २०१६ च्या फोकसमध्ये कोरड्या क्लचच्या जोडीचा गिअरबॉक्स आहे. तिचा थरकाप तेल बदलून जाणार नाही. त्या वर्षांतली फोकस कितीही स्वस्त मिळाली तरी ती ऑटोमॅटिक असेल तर घेऊ नये, असंच सांगावं लागेल. भारतात सेलेरिओपासून, म्हणजे २०१४ पासून, रुळलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल पेटी आहे. तिला वरचे बरेचसे नियम लागू होत नाहीत.

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळेमुळे. मालक अर्धा तास गाडी चालवून पोचतो, तोवर तेल गरम झालेलं असतं आणि लक्षण गायब. मेकॅनिक चक्कर मारतो, ‘काहीच नाही’ म्हणतो किंवा अंदाजाने भाग बदलतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडावी, रात्रभर बाहेर उभी ठेवायला सांगावं आणि सकाळी पहिली स्टार्ट मेकॅनिकनेच करावी अशी विनंती करावी. शक्य असेल तर त्या वेळी स्वतः तिथे हजर राहावं. तेलाचा दाब गेजने मोजायला सांगावं. कुणी पूर्ण ‘रिबिल्ड’ सुचवलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, आणि गाडी उघडण्याआधी लेखी अंदाज मागावा.

गाडी अजून घ्यायची असेल तर ती थंडच पाहावी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी यायची तयारी ठेवावी. मग ‘आर’ आणि ‘डी’ टाकून गिअर पडायला किती वेळ लागतो ते मोजावं. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, अमेरिकेत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या रिकॉल यादीत फुकट तपासता येतो. कॅनडात मेक, मॉडेल आणि वर्ष देऊन ट्रान्सपोर्ट कॅनडाची यादी पाहता येते. होंडाने २००४ मध्ये दुसऱ्या गिअरच्या दोषामुळे व्ही-सिक्स इंजिनच्या सुमारे अकरा लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यातली ओडिसी किंवा ॲकॉर्ड आजही विक्रीला येते, आणि ते काम झालं आहे का हे विचारण्याचा घेणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे.

ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही आणि चालती चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेली तर गिअरबॉक्स जळतो, त्यामुळे टो करणाऱ्याकडे सपाट पाटाचा ट्रकच मागावा. गाडीत ब्लँकेट, हातमोजे, टॉर्च आणि फोनचा चार्जर ठेवावा. आणि एक कळकळीची विनंती. गरम झाल्यावरही गिअर सरकत असेल, तेलाला करपल्याचा वास येत असेल, तर अशी गाडी घेऊन उणे वीसमध्ये रात्री हायवेवर जाऊ नका. परीक्षा असो, मुलाखत असो की विमानतळावर आई-बाबांना आणायचं असो, गावातल्या मराठी मंडळातल्या कुणालाही फोन करून लिफ्ट मागा.